पुरुषांना रात्री येणारा घाम
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



मागे याच सभागृहात पाळी जाण्याच्या वयातील तक्रारींवर मी बोलले होते. बोलणे संपल्यावर मागच्या रांगेतील एक बाई उठून म्हणाल्या, "मला काही होत नाही, पण आमच्या ह्यांना रात्री दरदरून घाम सुटतो." सगळ्या हसल्या. खरे सांगायचे तर मीही हसले. त्या हसण्याची भरपाई म्हणून आजचा विषय मी मागून घेतला आहे.

त्या बाई दीड महिन्याने यजमानांना घेऊन दवाखान्यात आल्या. घाम चालूच होता, वजन उतरले होते, संध्याकाळी अंग कसकसत होते आणि खोकला 'विडीचा' म्हणून सोडून दिला होता. थुंकी तपासली, क्षय निघाला. दोघांच्या संमतीनेच हे सांगते आहे.

उकाड्यात, पंखा बंद पडल्यावर, जाड गोधडीखाली घाम यायचाच. खोली गार असून बनियन आणि उशीचा अभ्रा पिळण्याइतका भिजतो, कपडे बदलावे लागतात आणि हे वरचेवर होते, तेव्हा तो घाम वेगळा समजावा. 'ह्यांचेही वय झाले' म्हणून मात्र सोडू नका. आपली पाळी जाते तसे पुरुषांत एकदम काही थांबत नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगावर हार्मोनचे उपचार चालू असले तर आपल्यासारख्याच वाफा त्यांनाही येतात, ती गोष्ट निराळी.

आपल्याकडे पहिली शंका क्षयाची घ्यावी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, बारीक ताप, भूक मंदावणे, वजन घटणे यांतले काही जोडीला असेल तर थांबूच नका. सरकारी रुग्णालयात तपासणी व औषधे मोफत मिळतात. २०२४ च्या नोव्हेंबरपासून आहारासाठी मिळणारी मदतही दरमहा ५०० वरून १००० रुपये झाली आहे. साध्या क्षयाला सहा महिने औषध लागते. महिन्या-दोन महिन्यांत माणसाला बरे वाटते, आणि नेमक्या तिथेच गोळ्या सुटतात! घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्यावी.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि रात्री घामासोबत थरथर, धडधड किंवा बरळणे दिसले, तर साखर उतरलेली असू शकते. यंत्र असेल तर तपासा. ७० च्या खाली आकडा असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. यंत्र नसेल तर साखर द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, रुग्णालय गाठा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगून मात्रा ठरवून घ्या; आपल्या मनाने औषध बंद करू नये.

थायरॉईड वाढल्याने, नैराश्यावरील काही गोळ्यांनीही घाम येतो. मोठ्याने घोरता घोरता श्वास अडकून दचकून उठणारे गृहस्थ घामाघूम होतात. हे तर बायकोखेरीज कोणाला कळणार? रोजची दारू एकाएकी सोडल्यावर घाम व हातांना कंप सुटतो. ते धोक्याचे ठरू शकते, म्हणून दारू सोडवावी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने. मानेत, काखेत, जांघेत न दुखणारी गाठ लागली तर ती दाखवलीच पाहिजे. आणि घामाबरोबर छातीत दाब, जबडा वा हात भरून येणे असे झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

पुरुष ही तक्रार सहसा सांगत नाहीत. चादर मात्र आपल्या हाती येते. त्या बाईंनी दुधाच्या हिशेबाच्या वहीतच अभ्रा बदलल्याच्या तारखा लिहिल्या होत्या, शेजारी तापाचा आकडा. मला निम्मे निदान त्या वहीनेच करून दिले. वजन आणि चालू औषधांची नावे तेवढी आणखी लिहून न्या.

गृहस्थांचा औषधाचा क्रम पुरा झाला, ते कामावर जाऊ लागले. चहा यायला अजून वेळ आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा. या खेपेस मी हसणार नाही.