बुवाचं ताट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'आमच्या तुकडीच्या सहली' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. १९८६ साली आम्ही दहावी झालो. पुढे पांगलो, आणि पुन्हा जमायला लागल्यापासून दोन-तीन वर्षांतून एकदा कुठेतरी जातो. वर्गणी गोळा करणं, गाडी ठरवणं आणि जेवणाची सोय बघणं ही कामं पहिल्यापासून माझ्याकडे. त्यामुळे मी गमतीजमती सांगेन, असं संयोजकांना वाटलं असणार. गमती पुष्कळ आहेत. पण आज मी आमच्या सहलीतल्या जेवणाबद्दल आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. ज्याच्या बाबतीत ती झाली, तो आमचा बुवा समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याची परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, "सांग, पण आटपतं घे. मागं पंगत तयार आहे."

बुवा हे त्याचं शाळेतलं नाव. आठवीच्या आषाढीला त्याच्या वडिलांनी त्याला पंढरपूरला नेलं आणि गळ्यात तुळशीची माळ घालून परत आणलं. माळ घातली म्हणजे मांसमच्छी बंद, दारू बंद, एकादशी धरायची आणि वारी चुकवायची नाही. तेरा वर्षांच्या पोरानं हे सगळं घेतलं आणि आजतागायत पाळलं. आम्ही तेव्हा त्याला चिडवत होतो. 'बुवा' हे नाव त्यातूनच पडलं.

मधल्या सुट्टीत चिंचेखाली आमचा डब्यांचा गोल बसायचा, हे तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. आमच्यात एक मित्र होता, त्याच्या डब्यात आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी हमखास सुकट नाहीतर बोंबलाची चटणी असायची. आम्ही नाकं मुरडायचो आणि त्याला म्हणायचो, "लांब बस, वास येतोय." त्यावरून त्याला एक टोपणनावही दिलं होतं. ते आज या व्यासपीठावरून घ्यायची मला लाज वाटते. गंमत बघा, त्याला लांब बसवणारे आम्ही घरी सगळं खाणारे होतो. त्याच्या शेजारी जाऊन बसायचा तो एकटा माळकरी बुवा. आपला डबा मांडीवर घ्यायचा, शेंगदाण्याची चटणी त्याच्यासमोर धरायचा आणि आम्हाला म्हणायचा, "मला खायचं न्हाई. शेजारी बसायला काय झालं?"

आता २०११ सालची गोष्ट. दहावीला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही चौदाजण दापोलीला गेलो. मुरूडच्या समुद्रात डुंबलो, हर्णैच्या बंदरावर माशांचा लिलाव बघितला. पापलेट, सुरमई, कोळंबी, कुणाला काय खाऊ आणि काय नको असं झालं होतं. बुवा लिलावाच्या वेळी आमच्यासोबत वाळूत उभा होता, भाव विचारत होता. जेवताना मात्र त्याच्या ताटात दोन्ही दिवस वरण-भात आणि बटाटा. त्यानं तक्रार केली नाही आणि आम्ही विचारलं नाही. एकूण खर्च भागिले चौदा हा माझा हिशेब. म्हणजे आमच्या सुरमईचे पैसे तोही भरत होता, तेही हसत.

परतीच्या दिवशी निघायला उशीर झाला. दुपारी अडीचला एका लहानशा खाणावळीत थांबलो. मालक म्हणाले, "मासे आहेत, आणि वांगं-बटाटा आहे, पण त्यात सोडे आहेत." सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. रत्नागिरी-रायगडकडे वांग्याच्या भाजीत ते सर्रास घालतात. दुसरं काही करून मिळेल का, असं मी विचारायला हवं होतं. पिठलं मागायचं होतं, नाहीतर चार किलोमीटर पुढे जायचं होतं. पण सगळे भुकेले होते आणि मला घाई होती. मी आत गेलो आणि सांगितलं, "एका वाटीतले सोडे वेचून काढा आणि द्या."

ती वाटी मी स्वतः बुवासमोर ठेवली. तो म्हणाला, "यात काही नाही ना रे?" मी म्हणालो, "खास तुझ्यासाठी करायला लावली." त्यानं घास घेतला आणि म्हणाला, "चव काहीतरी न्यारीच आहे." मी म्हणालो, "कोकणातला मसाला."

म्हणजे एकदा नव्हे, दोनदा खोटं बोललो. आणि त्याला पटलं, कारण सांगणारा मी होतो. त्यानं भाजी परत मागून घेतली.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी आज इथे बोललोच नसतो. पण मी ते पोटात ठेवलं नाही. गाडीत दोघा-तिघांच्या कानात सांगितलं. ते हळूहळू सगळ्या गाडीत पसरलं. चिपळूण मागे पडलं, कुंभार्ली घाट लागला, आणि बुवा आपला मोठ्या कौतुकानं सांगतोय, "दोन दिवसांत आजची भाजी झकास होती. आमच्या मंडळींना सांगितली पाहिजे." मागच्या बाकावर तोंडाला रुमाल लावून हसणं चाललंय. कुणीतरी विचारलं, "बुवा, कृती पाहिजे का?" आणि पुन्हा हशा. बुवालाही वाटलं काहीतरी विनोद झाला, तोही आमच्याबरोबर हसला.

तेव्हा आमचा तो सुकटवाला मित्र आपल्या जागेवरून उठला, बुवाच्या शेजारी जाऊन बसला आणि हळू आवाजात त्याला खरं काय ते सांगितलं.

गाडीत एकदम शांतता झाली. बुवा कुणावर ओरडला नाही. पाटणला आल्यावर त्यानं चालकाला गाडी थांबवायला सांगितली, रस्त्याकडेच्या नळावर चूळ भरली आणि येऊन पुढच्या एकट्या सीटवर बसला. घरी पोचल्यावर वर्गणीची राहिलेली रक्कम मोजून माझ्या हातात दिली. पुढची आठ वर्षं तो आमच्या एकाही सहलीला आला नाही. फोन केला की म्हणायचा, "रानात काम आहे."

मी या आठ वर्षांत स्वतःची पुष्कळ समजूत घातली. वाटायचं, सोडे तर काढले होते. त्याला माहीत नव्हतं, म्हणजे त्याला दोष नाही. एवढ्याशा गोष्टीवरून कुणी मैत्री तोडतं का? आपल्यापैकी काहीजणांनी मला या शब्दांत धीरही दिला. त्यांचे आभार मानण्यासारखं त्यात काही नव्हतं.

२०१९ मध्ये मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी त्याच्या गावी गेलो. वहिनींनी चहा आणला. मी कप उचलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "भावजी, तुमचा बिनसाखरेचा आहे. दुसऱ्या पातेल्यात केलाय. आधीच्या पातेल्यात गोडाचं उरलेलं असतं." मला साखरेचा आजार आहे हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. बुवाला कुणाकडून तरी कळलं होतं आणि त्यानं ते घरात सांगून ठेवलं होतं.

तो चहा मला घशाखाली उतरेना. मी त्याची माफी मागितली. म्हणालो, "बुवा, मी तुझं व्रत मोडलं." त्यावर तो जे बोलला ते मी जसंच्या तसं सांगतो. तो म्हणाला, "अरे, सोडं पोटात गेलं, त्याचं मी आणि पांडुरंग बघून घेऊ. पुढच्या वारीत सांगितलं त्याला. पण तुम्ही सगळी हसत हुता आणि मी भाजीचं कौतुक करत हुतो, ते कुणाला सांगू?"

मित्रहो, मी इतकी वर्षं भाजीचा विचार करत होतो. त्याचं दुखणं भाजीत नव्हतंच. ज्याला स्वतः खाऊन बघता येत नाही, वास घेऊन ओळखता येत नाही, तो आपल्या शब्दावर जेवतो. "यात काही नाही ना रे?" एवढंच तो विचारतो आणि आपण "नाही" म्हटलं की निर्धास्त घास घेतो. मी तो शब्द घाईत फेकला आणि वर त्याची करमणूक केली.

निघताना मी त्याला पुन्हा सहलीला चल म्हणालो. तो म्हणाला, "येतो. पण माझ्यामुळं कुणाची मासळी बंद करायची न्हाई. समुद्रावर जाऊन सगळ्यांनी बटाटा खायचा असंल, तर मी घरीच बरा." मध्ये करोनाची वर्षं गेली, आणि गेल्या जानेवारीत आम्ही मालवणला गेलो. बुवा आला.

या वेळी मी तारकर्लीजवळच्या एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी आठ दिवस आधी फोन केला. तिथल्या काकूंना चाचरत विचारलं, की आमच्यात एकजण माळकरी आहे, त्याचं कसं करायचं. त्या म्हणाल्या, "शिवराक ना? करतंय मी. सोमवारी आमच्याकडे सगळेच शिवराक जेवतत." शाकाहारी जेवणाला मालवणीत शिवराक म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मासे खाणाऱ्यांच्या गावाकडे त्यासाठी स्वतःचा शब्द आहे आणि स्वतःचा स्वयंपाकही आहे, हे मी इतकी वर्षं विचारलंच नव्हतं. पहिल्या दिवशी बुवाच्या ताटात काळ्या वाटाण्याचं सांबारं, गरम वडे आणि सोलकढी आली. दुसऱ्या दिवशी आंबोळ्या, नंतर नारळाच्या गोड रसातले शिरवाळे. हाताशी सुरमई असूनही आम्ही त्याच्या ताटाकडे बघत होतो. शेवटी काकूंना सगळ्यांसाठी सांबारं करावं लागलं.

बाकी गोष्टी अगदी साध्या होत्या. त्याचं ताट पहिलं वाढायचं, म्हणजे रश्शाचा डाव त्याच्या भांड्यात जात नाही. त्याची भाकरी मासे तळण्याआधी, धुतलेल्या तव्यावर. बसायचं मात्र सगळ्यांनी एकत्र, त्याला वेगळं टेबल नाही. जिथे खात्री नसेल तिथे "मला माहीत नाही, विचारून येतो" असं सांगायचं. एकदा बाजारात एका ठिकाणी वडे कुठल्या तेलात तळतात ते नीट कळेना. मी तसं सांगितलं. बुवानं दोन केळी घेतली आणि आनंदानं खाल्ली. त्या केळ्यांनी मला जेवढं समाधान दिलं, तेवढं कुठल्या थाळीनं दिलं नसेल.

एकादशी त्या सहलीतच आली. काकूंनी भगर आणि दाण्याची आमटी केली. आमच्या दोघी मैत्रिणींनी त्याच्यासोबत उपास धरला, आणि आमच्या त्या सुकटवाल्या मित्रानं बुवाच्या शेजारी बसून बांगडा खाल्ला. बुवानं त्याला मीठ पुढे केलं. चिंचेखाली होती तशीच दोघांची जोडी.

सिंधुदुर्ग किल्ल्यातही गेलो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी ज्याची पायाभरणी केली, तो हा किल्ला. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. बुवा साखरबावेत डोकावून मला म्हणाला, "बघ, भोवती एवढं खारं असून हिनं आपली चव सोडली न्हाई. आणि समुद्राशी भांडायलाबी गेली न्हाई."

शेवटच्या दिवशी हिशेब केला. या वेळी मासळीची ताटं वेगळी लावली आणि मागच्या सहलींचा अंदाज धरून काही रक्कम बुवाला परत दिली. त्यानं ती घेतली, बाजारात गेला आणि त्या सगळ्या पैशांचा गुळाचा मालवणी खाजा घेऊन आला. गाडीत प्रत्येकाच्या हातात पुडा दिला. कुंभार्ली घाट या खेपेला वाटेत नव्हता. पण मागच्या बाकावरून पुन्हा हसण्याचा आवाज आला आणि त्यात बुवाचा आवाज सगळ्यात मोठा होता.

पुढच्या सहलीची यादी आज दुपारी माझ्याकडे द्यायची आहे. नावापुढे प्रत्येकानं आपण काय खात नाही ते लिहावं. साखर, मीठ, कांदा-लसूण, मासळी, पथ्य, व्रत, काहीही असो. कारण लिहायची गरज नाही. मी कुणाला ते विचारणार नाही.

आणि बुवा, आज सकाळी मी आचाऱ्यांकडे स्वतः जाऊन आलो आहे. आजचं सगळं जेवण शाकाहारी आहे. वांग्याची भाजी आहे. त्यात वांगं, बटाटा, दाण्याचं कूट आणि मसाला आहे. दुसरं काही नाही. मी उभं राहून बघितलं आहे.

चला, पंगत थांबली आहे.