लेकरांना वेळ द्या
(वर्धापनदिनाच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही विद्वान नाही. सातवीत शाळा सुटली, पुढचं शिक्षण रात्रशाळेत आणि वाचनालयात झालं. पालकांसाठी दोन शब्द बोला, असा आदेश झाला म्हणून उभा आहे.

परवा एक भगिनी म्हणाल्या, "सुट्टी लागली की पोरं मॉलमधल्या खेळांचा हट्ट धरतात. एवढा पैसा आणायचा कुठून?" खरं आहे. जिथे आमचे साचे धडधडत होते त्या जागांवर आज मॉल उभे आहेत, आणि आपल्याच लेकरांना आत न्यायला आपण कचरतो. पण आनंद तिकीट काढूनच मिळतो, असं कोणी सांगितलं?

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मी तेव्हा १३ वर्षांचा होतो. त्याआधी बाप म्हणजे रात्रपाळी करून दिवसा झोपलेला माणूस. आई दटावायची, "गप बसा, आवाज करू नका." संपात पगार बंद झाला, माझी शाळाही सुटली. पण बाप जागा होता. तो मला चालत शिवडी बंदरावर न्यायचा. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. त्याने मला पाऊणकीचा पाढा शिकवला आणि म्हणाला, "तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ कळेल." चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. आठ पाऊण सहा, अष्टमीला सहाला. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण हिशेब जमतो. पाणी खरंच त्या वेळेला चढलं, तेव्हा मला वाटलं, माझा बाप समुद्राला ओळखतो! त्या दिवशी घरात एक वेळचीच भाकरी होती, पण माझ्या आठवणीत भरती राहिली.

आता माझी चूक सांगतो. मी गिरणीत लागलो आणि नुसता ओव्हरटाइम केला. मुलाला सायकल घेतली, ट्यूशन लावली. २०२० च्या टाळेबंदीत गिरणी थांबली ती थांबलीच. घरी बसलो तेव्हा मुलगा बोलता बोलता म्हणाला, "बाबा, तुम्ही घरी असायचात तेव्हा आम्ही हळू बोलायचो, एवढंच मला आठवतं." मला उत्तर सुचलं नाही.

आज मी नातवाला त्याच बंदरावर नेतो. आम्ही कॅलेंडरवरची तिथी बघून निघतो. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत तिथे रोहित पक्षी असतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यात ते चोच खुपसून खातात. पाणी चढू लागलं की काठाकडे सरकतात. पोरांना चिखलात उतरू देऊ नका, धक्क्यावरूनच बघा. घरून पाणी आणि चपाती न्यावी, म्हणजे खर्च फक्त बसभाड्याचा.

तेवढंही जमत नसेल तर गच्चीवर एक काठी उभी करा. मुंबईत मे महिन्याच्या मध्यावर एक दिवस दुपारी साडेबारानंतर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. आठवडाभर आधीपासून पोरांना खडूने सावलीची खूण करायला लावा. ज्यांच्या पूर्वजांच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्यांची लेकरं आता सावली मोजतील. यापेक्षा मोठं शिक्षण कोणतं?

पावसात जुन्या वर्तमानपत्राच्या होड्या करा. चिंचोके घेऊन पाढे मांडा. रात्री दिवा घालवून भिंतीवर हातांच्या सावल्यांचे प्राणी काढा. यातलं काहीच विकत आणावं लागत नाही. मात्र मोबाइल बाजूला ठेवून आपण स्वतः पोरांजवळ बसलं पाहिजे. नुसतं "जा, खेळ" म्हणून भागत नाही.

कामावरून दमून येता, हे मला माहीत आहे. तरी आठवड्यातला एक तास काढाच. माझा तो तास निघून गेला. तुमचा अजून हातात आहे.