एका चकतीचे दोन वाटे

श्रोतेहो, शेताला मध्ये बांध घातला की दोन बाजूंना दोन पिके घेता येतात. संगणकाच्या एकाच चकतीवरही तशाच दोन कार्यप्रणाली नांदू शकतात. शाळेच्या संगणकावर विंडोज आहे, आणि मुलांना लिनक्सही शिकवायची आहे. हिचा गाभा लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला; ती फुकट मिळते. मग दुसरे यंत्र कशाला?

पण गुरुजनहो, घाई नको. आधी गुणपत्रके, दाखले, हजेरी यांची नक्कल वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि ती उघडून पाहा. वाटणी चालू असताना वीज गेली, तर होते ते सगळे बुडायचे! बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची किल्ली कागदावर लिहून ठेवा.

मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून तिचा भाग आखडून घ्या. उबुंटूसाठी निदान २५ जीबी जागा मोकळी करा आणि तिथेच ती बसवा. ‘सगळी चकती पुसा’ हा पर्याय मात्र चुकूनही निवडू नका.

पुढे यंत्र सुरू होताच ग्रब नावाचा दरवान विचारील, ‘कोणाकडे जायचे?’ एका वेळी एकच घर उघडते, एवढे ध्यानात असू द्या.