कर्जरोख्यांचे दोन फंड

सेवानिवृत्त गृहस्थाला समभागांची धास्ती वाटते. कर्जरोख्यांची वाटत नाहीं. दिलेलें मुद्दल मुदतीस परत यावें आणि तोंवर व्याज हातीं पडावें, एवढीच त्याची अपेक्षा. परंतु असे रोखे आज तो बहुधा स्वतः घेत नाहीं. अनेकांचा पैसा एकत्र करून रोखे घेणाऱ्या फंडाकडे तो आपली पुंजी सोंपवितो. तेथेंच प्रश्न उभा राहतो. रोख्यांची निवड व्यवस्थापकाच्या बुद्धीवर सोडावी, कीं बाजारांतील रोखे ज्या प्रमाणांत आहेत त्याच प्रमाणांत घेऊन स्वस्थ बसणारा निर्देशांक-फंड पत्करावा?

हा दुसरा प्रकार सामान्य माणसाच्या आटोक्यांत आणला तो अमेरिकेंतील व्हॅनगार्ड या संस्थेनें, १९८६ सालीं. तिचे संस्थापक जॉन बोगल यांचा सारा कटाक्ष खर्चावर होता, आणि तो अनाठायीं नव्हता. १०,००० डॉलरांवर शेंकडा ४ दरानें वर्षाचें व्याज ४०० डॉलर होतें. व्यवस्थापनाचा खर्च शेंकडा पाऊण धरला तर त्यांतले ७५ जातात. म्हणजे उत्पन्नाचा जवळजवळ पांचवा हिस्सा! समभागांच्या तेजींत असा खर्च झांकून जातो. रोख्यांच्या मोजक्या उत्पन्नांत तो उघडा पडतो. मोठ्या निर्देशांक-फंडांत हाच खर्च आतां चार-पांच डॉलरांवर आलेला आढळतो.

तथापि निर्देशांकालाहि एक विचित्र खोड आहे. ज्यानें अधिक कर्ज काढलें, त्याचा वाटा त्यांत अधिक! ऋणको अधिक कर्जबाजारी झाला म्हणून त्याला अधिक रक्कम देणारा पेढीवाला कोणीं पाहिला आहे काय? व्यवस्थापकाच्या बाजूनें सर्वांत बळकट मुद्दा हाच, आणि कांहीं व्यवस्थापकांनीं निर्देशांकावर मात केलीहि आहे. मात्र ती कशी केली, हें विचारलें पाहिजे. पुष्कळदां उत्तर एकच मिळतें : कमी पतीच्या ऋणकोंचे, चढ्या व्याजाचे रोखे.

शिवाय बुद्धीहि चुकते. पिम्को संस्थेचे बिल ग्रॉस हे जगांतील सर्वांत मोठा रोखे-फंड चालवीत. व्याजाचे दर चढणार या अंदाजानें २०११ च्या आरंभीं त्यांनीं अमेरिकन सरकारचे रोखे काढून टाकले. त्याच उन्हाळ्यांत त्या रोख्यांचे भाव वर गेले. फंड मागें पडला, आणि ग्रॉस यांनीं चूक जाहीरपणें कबूल केली. उलट २०२२ सालीं दर खरोखरच झपाट्यानें चढले, तेव्हां अमेरिकन रोख्यांचा प्रमुख निर्देशांक शेंकडा १३ नें घसरला आणि निर्देशांक-फंडाला तो घाव निमूटपणें सोसावा लागला.

पतीचा प्रश्न भारतांतील घरांपर्यंत पोंचला तो २०२० सालीं. डिसेंबर २०१९ मध्यें निघालेला भारत बाँड हा निर्देशांक-फंड केवळ उच्च पतीच्या सरकारी कंपन्यांचे रोखे घेत होता. फ्रँकलिन टेम्पलटनच्या सहा योजनांत मात्र कमी पतीचे, अधिक व्याजाचे रोखे बरेच होते. महामारींत त्यांना गिऱ्हाईक मिळेना, आणि २३ एप्रिल २०२० रोजीं त्या सहाहि योजना बंद झाल्या. पैसा बुडाला नाहीं. पण पहिला मोठा हप्ता लोकांच्या हातीं पडला तेव्हां फेब्रुवारी २०२१ उजाडला होता.