बारा रुपयांची नोंद



माझी ३४ वर्षं बँकेत गेली आणि त्यातली बहुतेक तालुक्याच्या गावी. ‘बँकांची सामाजिक बांधिलकी’ हा विषय आपण या परिषदेत चर्चेला घेतला आहे. त्यावर मला एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. बँकेची बांधिलकी काउंटरवर सुरू होते. तिथं ती उणी पडली, तर कितीही मोठ्या देणगीनं भरून निघत नाही.

२०१९ सालची गोष्ट. एक बाई शाखेत आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत नवऱ्याचं पासबुक आणि मृत्यूचा दाखला होता. त्यांना खातं बंद करायचं होतं. शिल्लक १,८४० रुपये. वारस म्हणून नाव लागलेलं, कागद पुरे, सह्या जुळलेल्या. मी मंजुरीची सही केली. पैसे मोजता मोजता आमचा कॅशियर थांबला आणि म्हणाला, “साहेब, यात मे महिन्यात बारा रुपये गेलेत.”

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचा वर्षाचा हप्ता १२ रुपये होता. २०२२ पासून तो २० रुपये आहे. अपघाती मृत्यू झाला, तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. आम्ही बाईंना विचारलं, मालक कसे गेले? तीन आठवड्यांपूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली सापडले होते. तोवर हा प्रश्न शाखेत कोणीच विचारला नव्हता. मग पोलिसांचा पंचनामा आणला, शवविच्छेदनाचा अहवाल आणला, दाव्याचा अर्ज आम्हीच भरला आणि पैसे मिळाले.

कॅशियरची नजर त्या ओळीवर गेली नसती तर? माझं काम नियमाला धरूनच झालं असतं. तपासणीत एक शेराही आला नसता. आणि एका घराचे दोन लाख कायमचे बुडाले असते. हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

त्या वर्षीच्या आमच्या अहवालात शाळेला दिलेल्या बाकांचा फोटो छापून आला. बाक चांगलेच होते, मुलांची सोय झाली. पण या दाव्यासाठी त्या अहवालात रकानाच नव्हता. कारण कायद्याचंच माप तसं आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी मर्यादा कंपनीनं गाठली, तरी तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावे लागतात. खासगी बँका यात येतात. स्टेट बँक आणि राष्ट्रीयीकृत बँका वेगळ्या कायद्यांनी स्थापन झालेल्या, त्यामुळे त्यांचा मार्ग वेगळा. सहकारी बँकांचा आणखी वेगळा. आणि रोजच्या धंद्याचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरत नाहीत. हे योग्यच आहे, नाहीतर नुसत्या कर्जवाटपालाच समाजसेवा म्हणायची पाळी येईल. पण त्यामुळे झालं असं, की ज्याचा हिशेब द्यायचा तेवढीच बांधिलकी, असं आपण धरून चाललो.

आपल्या आधीच्या पिढीनं तसं धरलं नव्हतं. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटानं सांगितलं, की एकेक भाग धरून बँकांनी तिथली गरज ओळखावी. त्यातून डिसेंबरमध्ये अग्रणी बँक योजना आली. गाडगीळ हे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांसोबत काम केलेले अर्थतज्ज्ञ होते. पैसा गावात कसा येतो आणि कुठे अडतो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेच्या नावावर असावी, ही बांधिलकीच होती.

आणि आपल्या सातारा जिल्ह्यातलं म्हसवड विसरून कसं चालेल? चेतना सिन्हा आणि माणदेशातल्या बायकांनी महिला बँकेसाठी रिझर्व्ह बँकेकडे परवाना मागितला, तेव्हा तो नाकारला गेला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या परतल्या, अक्षरं शिकल्या आणि पुन्हा गेल्या. आम्हाला मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बाजार सोडून बाईला शाखेत येणं परवडत नाही, हे ओळखून त्यांची माणसं तिच्या दारी जाऊ लागली. तिथं समाजसेवेचं टेबल वेगळं मांडावं लागलं नाही. बँकेचं कामच तसं बेतलं होतं.

म्हणून या व्यासपीठावरून माझी आपल्याला चार कळकळीच्या मागण्या आहेत. एक, वारस शाखेत आला, की विम्याच्या नोंदी तपासल्याशिवाय मृताचं खातं बंद करू नका, आणि ‘कसे गेले?’ हे आधी विचारा. दोन, १० वर्षं न उचललेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण तिच्यावरचा ठेवीदाराचा आणि वारसाचा हक्क जात नाही. २०२३ पासून अशा ठेवी शोधायला ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. गावातलं कोण ते उघडून बघणार? पोस्टमन, आशाताई, सरपंच यांना हाताशी धरून आपणच वारस शोधू या. तीन, सत्तरी ओलांडलेल्यांना आणि अपंगांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगितलं आहे. आपल्या शाखेच्या हद्दीत अशी किती माणसं आहेत, याची यादी प्रत्येक व्यवस्थापकाच्या टेबलावर हवी.

चौथी गोष्ट देणग्यांची. मार्च अखेर जवळ आली, की निधी संपवायची घाई होते. एका शाळेत मी पाणी शुद्ध करण्याचं यंत्र पाहिलं. वर देणाऱ्या बँकेची पाटी होती. फिल्टर वर्षभर बदललेला नव्हता, कारण तो कोणी बदलायचा हे ठरलंच नव्हतं. मुलं घरून बाटली आणत होती. दहा गावांना एकेकदा देण्यापेक्षा दोन गावं तीन वर्षं सांभाळा. वस्तू देण्याआधी तिची देखभाल कोण करणार, ते कागदावर घ्या. आणि वर्षभरानं फोटोग्राफर न घेता तिथं जाऊन या.

शेवटी पुन्हा त्या बाईंकडे येतो. दाव्याचे पैसे जमा झाल्यावर त्या पासबुक भरून घ्यायला आल्या. रक्कम दोनदा वाचून घेतली. मग पासबुक पुढं सरकवत म्हणाल्या, “माझ्या खात्यातनं पण ते बारा रुपये कापायचं लिहा. माझी दोन पोरं हायत.”

त्या बाईंनी बँकेवर इतका विश्वास टाकला. तो प्रत्येक शाखेनं रोज सांभाळावा, एवढंच आपल्याकडे मागतो आणि थांबतो.