चौसष्ट घरे, चौसष्ट मते



आपल्या नगर जिल्ह्याला निवडणूक शिकवावी लागत नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून पॅनेल, ठराव, मतदार यादी, हरकती हे शब्द गावोगावच्या पारावर रुळले आहेत. कारखान्याचे, दूध संघाचे, पतसंस्थेचे राजकारण आपण जाणतो. पण बुद्धिबळासारख्या शांत खेळाच्या संघटनेतही असेच दोन गट पडतात, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. खरे तर शह, काटशह हे शब्द आपण राजकारणासाठी त्या पटावरूनच उचलले. फारसीतून आलेले हे शब्द मराठीत इतके मुरले, की आता त्यांना कुणी परके म्हणणार नाही.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ साली स्थापन झाला. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि आपले रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. पहिलाच मान दोघांनी वाटून घेतला! पुढच्या पदाधिकाऱ्यांना मात्र ही वाटणी फारशी जमली नाही.

२०१९ च्या सुमारास महासंघात उभी फूट पडली. एका बाजूला अध्यक्ष पी. आर. वेंकटराम राजा, दुसऱ्या बाजूला सचिव भरतसिंह चौहान. निवडणूक कुणी बोलवायची, कुठे घ्यायची, यावरच वाद. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर जानेवारी २०२१ मध्ये मतदान झाले, तेही करोनामुळे ऑनलाइन. अध्यक्षपदासाठी उत्तर प्रदेशचे संजय कपूर यांना ३३ मते, राजा यांना ३१. सचिवपदासाठी चौहान यांना ३५, तर रवींद्र डोंगरे यांना २९. बेरीज करून पाहा, दोन्ही वेळा चौसष्ट. पटावर घरे तितकीच! ही मते राज्य संघटनांची, प्रत्येकी दोन. पटावर बसून खेळणाऱ्याला खेळाडू म्हणून त्यात एकही मत नव्हते.

वाद तेवढ्यावर मिटला नाही. डोंगरे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेव्हाच्या क्रीडा संहितेनुसार पदावर असलेल्याला पुन्हा निवडून यायचे तर दोन तृतीयांश मते हवी होती. म्हणजे चौसष्टपैकी त्रेचाळीस. चौहानांना होती पस्तीस. जून २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांचे पद नियमबाह्य ठरवले. नियम पाहता निकाल चोख होता. अडचण वेळेची होती. युक्रेन युद्धामुळे रशियाकडून काढून घेतलेले ऑलिंपियाड भारताला मिळाले होते, चेन्नईजवळ मामल्लपुरमला २८ जुलैपासून ते सुरू व्हायचे होते आणि त्याच्या तयारीची सूत्रे चौहानांकडेच होती. दीडशेहून अधिक देशांचे पाहुणे येणार आणि यजमानाच्या घरात भांडण!

सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला. चौहानांना १५ ऑगस्टपर्यंत काम पाहू दिले. मला या आदेशातली तारीख फार मोलाची वाटते. ‘तूर्त राहू द्या’ एवढेच म्हटले असते, तर आपल्याकडे ‘तूर्त’ किती वर्षे चालते ते सहकारातल्या माणसाला विचारा. इथे एका बाजूला काम पुरे करायला मिळाले, दुसऱ्या बाजूचा नियमही शाबूत राहिला. ऑलिंपियाड पार पडले. खुल्या गटात भारताच्या दुसऱ्या संघाने कांस्यपदक मिळवले, त्यात नागपूरचा रौनक साधवानी होता. महिलांनीही कांस्य मिळवले, त्या संघात गोव्याची भक्ती कुलकर्णी होती.

सगळ्याच खेळाडूंच्या नशिबी अशी वेळेवरची तडजोड नसते. महासंघाची मान्यता नसलेल्या स्पर्धांत खेळल्याबद्दल चार खेळाडूंवर बंदी आली, त्यांचे मानांकनही काढले गेले. २०११ साली त्यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. निकाल लागला जुलै २०१८ मध्ये. महासंघाला ६ लाख ९२ हजार रुपयांचा दंड झाला, असे वागणे थांबवा, असा आदेशही झाला. पण सात वर्षे! खेळाडूच्या आयुष्यात सात वर्षे म्हणजे ऐन बहराचा काळ. पदाधिकाऱ्याला निवडणूक पुन्हा लढवता येते. खेळाडूचे पंचविसावे वर्ष पुन्हा येत नाही, आणि दंडाची रक्कम ते परत आणत नाही.

२०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडूंचे प्रतिनिधी घेणे त्यात बंधनकारक केले आहे आणि तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद आहे. चौसष्ट मतांची कहाणी ऐकल्यावर याची गरज वेगळी सांगायला नको.

हा कायदा राष्ट्रीय महासंघांपुरता झाला. आपल्या तालुक्यातल्या मंडळाचे काय? संगमनेर असो, पाथर्डी असो, शाळेच्या हॉलमध्ये रविवारी स्पर्धा भरतात. मुले पटावर असतात, आईवडील बाहेर डबा घेऊन बसलेले असतात. अशा मंडळाच्या पुढच्या वार्षिक सभेत दोन विषय मांडता येतील: कार्यकारिणीत चालू खेळाडूंना किती जागा, आणि तक्रारीचा निकाल किती दिवसांत. दिवसांचा आकडा मात्र घटनेतच लिहून घ्यावा.