सिद्दी जौहर कोण होणार?

वाचनालयाच्या पालक मेळाव्यात मला बोलायला बोलावलंत, आभारी आहे. मी राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेतल्या चिडवाचिडवीवर बोल, असं काकांनी सांगितलं. दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगतो.

२०१३ साली मी बेळगावातल्या एका खासगी इंग्रजी शाळेत चौथीत होतो. जूनमध्ये वर्गात नवा मुलगा आला. खानापूर तालुक्यातला, सिद्दी समाजाचा. वडील शहरात ड्रायव्हर, पोटाला चिमटा काढून फी भरणारे. त्याचं मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. कोकणी, कन्नडही यायचं. पण आम्ही बघितले ते त्याचे केस. पहिल्याच आठवड्यात एकानं रंग निघतो का बघायला त्याच्या हातावर ओला खोडरबर घासला. वर्ग हसला. मीही हसलो.

त्याच वर्षी आयपीएलमध्ये बेंगळूरच्या ख्रिस गेलनं १७५ धावा ठोकल्या होत्या. झालं, ह्याचं नाव पडलं ‘गेल’. “गेल, सिक्स मार की रे!” सर आणि मॅडमही त्याच नावानं हाक मारायचे, लाडानं. त्याला क्रिकेट आवडतच नाही, हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं.

डिसेंबरात गॅदरिंग आलं. पन्हाळ्याच्या वेढ्याचं नाटक बसवायचं होतं. सगळ्यांना मावळा व्हायचं होतं. त्यानंही हात वर केला होता, मी बघितलंय. मॅडम म्हणाल्या, “तू सिद्दी जौहर. मेकअपचा खर्च तरी वाचला.”

नाटक छान झालं. आमचे आईवडीलही हसले, टाळ्या दिल्या. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत नवा खेळ सुरू झाला : “सिद्दी जौहरला धरा!” पट्ट्या आणि वॉटरबॅग घेऊन पंधरा-वीस मावळे एकाच्या मागं. एकदा त्याचा ओठ फुटला. ऑफिसात विचारलं तेव्हा मी सांगितलं, “सर, तो खेळताना पडला.” तो शेजारीच उभा होता. काही बोलला नाही. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आलाच नाही.

आम्ही नऊ वर्षांची पोरं. हे आम्हाला कुणी शिकवलं? मुद्दाम कुणीच नाही. “उन्हात खेळू नको, काळा होशील”, “पोरगी हुशार हाय, पण रंगानं जरा...” हे घरोघरी ऐकत आम्ही मोठे झालो. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या जोडप्यानं तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढं गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्यात या अभ्यासाचा आधार घेतला गेला. म्हणजे ज्याला आपण “पोरांचा पोरकटपणा” म्हणतो, तो पहिलीच्या आधीच मनात बसलेला असतो.

कॉलेजात आल्यावर मी वाचायला लागलो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेली माणसं पळून आपल्या जंगलांत आली, त्यांचे वंशज हे अनेक सिद्दी. इथं ते शतकानुशतकं राहतात. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्यांना २०२० साली.

आणखी एक गोष्ट वाचली आणि पुस्तक मिटून बसलो. १६६० च्या त्याच वेढ्यात महाराजांच्या बाजूनंही एक सिद्दी लढला, सिद्दी हिलाल. नेताजी पालकरांबरोबर तो वेढा फोडायला गेला होता. त्याचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. म्हणजे त्या पोराला मावळा होता आलं असतं. आमच्या नाटकात ते पात्रच नव्हतं, कारण कुणी शोधलंच नाही.

त्याच शाळेत मराठी बोललं की पाच रुपये दंड होता. तेव्हा आम्हाला केवढा राग यायचा! आपल्या बोलण्यावरून कुणी हसलं की कसं वाटतं, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तरीही आम्ही त्याला तेच दिलं.

काकू, मावशी, एवढंच करा. मार्क विचारता तसं पोराला विचारा, वर्गात कुणाला कोणत्या नावानं हाक मारता? उत्तर ऐकून हसू नका. शिक्षकच टोपणनाव वापरत असतील तर चार पालक मिळून लेखी तक्रार द्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमात मुलाच्या मानसिक छळाला बंदी आहे. आणि यंदाच्या गॅदरिंगला सिद्दी हिलालला स्टेजवर आणा.

त्या मित्राचं नाव मी इथं घेत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. खानापूरकडं शोधतोय. भेटला तर त्या ऑफिसातलं खोटं आधी कबूल करायचंय.

जय शिवराय.